पिल्लाचे केस

पिल्लू आमच्या घरी आलं तेव्हा माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते आणि सासूबाईंना जाऊन दीड वर्ष. म्हणजे त्यांना मी पाहिलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. पनवेलला उरण नाक्याच्या बाजूला तेव्हा नव्या उठलेल्या बिल्डिंगांपैकी एकीत, तळमजल्यावर, आमच्या तीन खोल्या होत्या. मागे थोडी फरसबंद मोकळी जागा, कपडे धुवायचा दगड आणि कढीपत्त्याचं एक झाड. घरात माणसं तीन. मी, नवरा आणि सासरे.

नवरा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला जायचा. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत आणि फारच कमी बोलणारे. चहा पुढे ठेवला की ‘हं’, जेवायला बोलावलं की ‘आलो’. माझंच काही चुकतंय की काय, असं पहिले काही महिने मला सारखं वाटायचं.

नवऱ्याच्या साहेबांची बडोद्याला बदली झाली. त्यांच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती, ती वाटून टाकायची होती. नवऱ्याने त्यातलं एक स्कूटरवर पायांपाशी भाजीच्या पिशवीत घालून आणलं. पिशवीतून फक्त नाक बाहेर होतं.

बाबा म्हणाले, “हे कशाला आणलंस?”

“घरात काहीतरी हलतं-बोलतं असू दे, बाबा.”

“त्यासाठी ही आहे की,” असं माझ्याकडे न बघताच म्हणून बाबा पेपर वाचायला लागले. पण पिल्लू पिशवीतून निघालं ते थेट त्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसलं. मातकट पांढरा रंग, कानांची टोकं काळसर. ल्हासा जातीचं होतं. मोठं झालं की याचे केस जमिनीला टेकतात, असं नवरा म्हणाला तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. त्या वेळी त्याच्या अंगावर होती नुसती लव, कापसाच्या बोळ्यासारखी.

पिशवीत साहेबांच्या बायकोने लिहून दिलेला एक कागद होता. काय खायला घालायचं, इंजेक्शनं कधी द्यायची, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की रोज विंचरा. आता केस कमी आहेत म्हणून आळस करू नका, आता सवय लागली तर लागली. बाबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून आपल्या डायरीत ठेवला.

नाव काय ठेवायचं यावर चार दिवस चर्चा झाली. कुठलंच चिकटलं नाही. पिल्लू ते पिल्लूच राहिलं, पुढे आठ किलोंचं झालं तरी.

पहिल्या दिवशी मी माझाच लाल प्लास्टिकचा कंगवा घेऊन बसले. बाबा मागच्या दारात उभे होते. म्हणाले, “तो नको. त्याचे दात टोचतात.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः बाजारात गेले आणि शिंगाचा, रुंद दातांचा कंगवा घेऊन आले. पुढे नवऱ्याने कुणाकडून तरी मुंबईहून तारेचा ब्रश मागवला, पण बाबांचा विश्वास शिंगाच्या कंगव्यावरच.

दुपारचा चहा झाला की मागच्या जागेत स्टूल मांडायचं, त्यावर जुनी सतरंजी घालायची आणि पिल्लाला उभं करायचं. मी धरायचे, बाबा विंचरायचे. सुरुवातीला विंचरण्यासारखं काही नव्हतंच. पिल्लू कंगवा चावायचं, स्टुलावरून खाली उडी मारायला बघायचं. बाबा घाई करायचे नाहीत. कंगवा त्याला हुंगू द्यायचे, मग पाठीवरून एकदा फिरवायचे आणि थांबायचे. “पंजे आधी,” ते मला सांगायचे. “पंजे, पोट, कानांच्या मागे. जिथे त्याला आवडत नाही तिथली सवय आताच लावायची. पाठ काय, कोणीही करू देतं.”

महिन्याभरात पिल्लू चार वाजले की आपणच स्टुलापाशी जाऊन बसायला लागलं.

केस वाढायला लागले तसे गुंते व्हायला लागले. पहिला गुंता मला सापडला तो कानाच्या मागे, सुपारीएवढा. मी कंगवा घालून ओढला, पिल्लू केकाटलं. बाबांनी माझ्या हातून कंगवा घेतला. “असं नाही. गुंत्याच्या आत, कातडीजवळ, केस चिमटीत घट्ट धरायचे. म्हणजे ओढ बसेल ती आपल्या बोटांना, त्याला नाही. आणि सुरुवात टोकाकडून करायची. मुळापासून ओढलंस तर गाठ घट्टच होणार.” त्यांनी तो गुंता आधी बोटांनी फाकवला, खोबरेल तेलाचं एक बोट लावलं आणि पाच-सात मिनिटांत एकेक केस मोकळा केला. पिल्लू डोळे मिटून उभं होतं.

“तुम्हाला हे कसं येतं, बाबा?” मी विचारलं.

“येतं,” ते म्हणाले.

अंघोळ रविवारी. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, नाहीतर गुंता होतो, हेही त्यांचंच. डोळ्यांवर केस यायला लागले तेव्हा मी माझी रिबीन कापून त्याच्या डोक्यावर शेंडी बांधली. त्याला दूध-भाकरी दिली की मिश्या चिकट व्हायच्या, त्या ओल्या फडक्याने पुसायला लागायच्या. आमच्याकडे पाटी घेऊन एक आगरी मावशी मासळी विकायला यायची. तिने पहिल्यांदा ती शेंडी बघितली आणि पाटी खाली ठेवून म्हणाली, “वयनी, यो कुत्रा हाय का मेंढरू? याची लोकर कवा कापनार?” त्या दिवशी मी बाबांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

त्या स्टुलाभोवतीच बाबा बोलायला लागले. हात कामात असले की त्यांना बोलणं जमायचं. मोजणीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायचे. न्हावा गावाकडच्या खाडीच्या खाजणात मोजणीची साखळी ओढताना गुडघ्यापर्यंत चिखल कसा असायचा, मिठागरवाल्यांकडे जेवायला कसं बसवायचे, आणि आता त्याच बाजूला बंदर होऊन दिवसभर ट्रक कसे धावतात. मी माझ्या माहेरच्या, पेणच्या गोष्टी सांगायचे. नवरा रात्रपाळी करून आत झोपलेला असायचा, म्हणून आम्ही दोघं हळू आवाजात बोलायचो. लग्नानंतर त्या घरात मला माझी अशी वाटलेली पहिली वेळ ती, संध्याकाळी चार ते साडेचारची.

पिल्लू दहा महिन्यांचं झालं आणि सगळंच अवघड होऊन बसलं. त्याची लहानपणची लव गळायला लागली आणि खालून जाड, मोठे केस यायला लागले. गळालेली लव बाहेर पडायची नाही, नव्या केसांत अडकून बसायची. आज सगळं मोकळं केलं तरी उद्या पुन्हा गाठी. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “हे दोन-तीन महिने असंच चालणार. आता सोडलंत तर आत जटा होतात, मग सुटत नाहीत. वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही, कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे.” अर्ध्या तासाचा एक तास झाला, कधी दीड.

आणि त्याच सुमाराला मला दिवस गेले होते. स्टुलापाशी वाकून उभं राहिलं की पाठीत कळ यायची. बाबा म्हणाले, “तू बस. मी बघतो.” बाळंतपणाला मी पेणला गेले आणि तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन परत आले तेव्हा पिल्लू ओळखू येत नव्हतं. केस खरंच जमिनीला टेकले होते. पाठीच्या कण्यावर मधोमध सरळ भांग, दोन्ही बाजूंना पडद्यासारखे सोडलेले पांढरे केस, चाललं की लाटेसारखे हलायचे. मी दारातच थांबले. बाबांनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाले, “बघ, दोघंही वाढली.”

त्यांना वाटलं असेल, आता मी आले म्हणजे पुन्हा पूर्वीसारखं चालू होईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चार वाजता त्यांनी मागून हाक मारली, “येतेस का गं धरायला?” मी बाळाचे कपडे पिळत होते. म्हणाले, “बाबा, आता मला कुठला वेळ.” ते ‘हं’ म्हणाले. नंतर त्यांनी एकदा-दोनदा विचारलं असेल, मग विचारणं सोडलं.

खरं सांगायचं तर वेळ नव्हता असं नाही. मी वैतागले होते. घरभर केस. दुपट्यावर केस, दुधाच्या वाटीत केस, मुलीच्या मुठीत केस. पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा वास घरात भरून राहायचा, त्यात तळोज्याकडून वारा आला की कारखान्यांचा आंबूस वास. रात्री तीनदा उठून दिवसा स्वयंपाक करणारी मी, आणि एक माणूस रोज तासभर कुत्र्याचा भांग पाडत बसलेला. मनात नको ते यायचं.

मुलगी वर्षाची व्हायच्या आधी, श्रावणात, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. माझी नणंद पुण्याला राहायची. ऑपरेशन तिथे करून तीन आठवडे तिच्याकडेच राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला मागच्या जागेत बोलावलं. पिल्लाला स्टुलावर उभं करून त्यांनी सगळं पुन्हा दाखवलं. काखेत कसं, मांडीच्या आत कसं.

“एक दिवस चुकवू नकोस,” ते म्हणाले. “पाऊस आहे. भिजून आलं तर आधी टिपून कोरडं कर. एवढंच बघ.”

“करते बाबा. तुम्ही डोळ्यांची काळजी घ्या.”

पहिले दोन दिवस मी विंचरलं. पाठीवरून, वरवर. पाठ कोणीही करू देतं. तिसऱ्या दिवशी मुलीला ताप आला, तो पाच दिवस राहिला, मग खोकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “घरात एवढे केस, पोरीच्या छातीत जाणार नाहीत तर काय.” त्यानंतर मी पिल्लाला घरात घेणंच कमी केलं. ते मागच्या जागेत असायचं. पाऊस पडायचा, ते पत्र्याखाली बसायचं, पण पोट आणि पाय ओले व्हायचेच. चार वाजले की ते दारापाशी येऊन कुंईकुंई करायचं. मी दार लावून घ्यायचे.

बाबा यायला दोन दिवस राहिले तेव्हा मी कंगवा घेऊन बसले. मुलगी झोपली होती, नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता. पिल्लू इतकं आनंदलं की स्टूल मांडायच्या आधीच उड्या मारायला लागलं. वरून केस तसे बरे दिसत होते. कंगवा घातला तर अर्ध्या बोटावर अडकला. केस बाजूला करून बघितलं तर खाली कातडी दिसेना. घोंगडीसारखा एक थर होता, घट्ट, ओलसर, पोटापासून पाठीपर्यंत. काखेत तर हात जाईना. मी तेल लावलं, बोटांनी फाकवायला बघितलं. अर्ध्या तासात एक गाठ सुटली नाही. पिल्लू थरथरायला लागलं, मग विव्हळायला, मग एकदा माझ्या मनगटाला दात लावले त्याने. चावलं नाही, नुसते लावले.

मी आत गेले आणि शिवणाची मोठी कात्री घेऊन आले.

आता समजतं, जट कातडी वर ओढून धरते. केस समजून कात्री चालवावी तर मध्ये कातडी आलेली असते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मी थांबले असते असं छातीठोकपणे म्हणवत नाही. डाव्या काखेत कात्री मिटली आणि पिल्लाचा असा आवाज आला की आत मुलगी जागी होऊन रडायला लागली. रक्त पांढऱ्या केसांतून खाली सतरंजीवर यायला लागलं. मी हळद आणून दाबली. एका हाताने हळद दाबून धरली होती, आत मुलगी रडत होती, आणि पिल्लू पळून जाण्याऐवजी माझ्या पोटात डोकं खुपसून उभं होतं.

इथेच थांबायला हवं होतं मी. रक्त थांबल्यावर मी पुन्हा कात्री घेतली आणि उरलेले सगळे केस कापले. अर्धवट ठेवलं तर बाबांना अधिक दिसेल, असा काहीतरी विचार डोक्यात होता. शेवटी स्टुलावर एक लहानसं, वेडंवाकडं, गुलाबी कातडी दिसणारं जनावर उभं राहिलं. कापलेले केस कणकेच्या रिकाम्या पिशवीत भरले आणि कचराकुंडीत टाकून आले.

मुलीला कडेवर आणि पिल्लाला टोपलीत घेऊन रिक्षाने गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोन टाके घातले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “हे विंचरलं असतं तर ही वेळ आली नसती, ताई. एवढं राखलेलं कुत्रं होतं.” दहा दिवसांनी टाके काढायला यायला सांगितलं.

रात्री नवऱ्याने विचारलं, “हे काय झालं?” मी म्हणाले, “खरूज झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं सगळे केस काढून टाका.” वाक्य इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं. तो “बरं” म्हणाला आणि जेवायला बसला.

बाबा आले ते काळा चष्मा लावून, नणंदेच्या नवऱ्याचा हात धरून. पिल्लू धावत गेलं आणि त्यांच्या पायांवर चढायला लागलं. बाबांना वाकायची मनाई होती. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी हात खाली केला. हात पिल्लाच्या पाठीला लागला आणि तिथेच थांबला. मग सावकाश मानेकडे गेला, कानांकडे, परत पाठीवर. चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते.

“काय झालं याला?”

“खरूज झाली होती, बाबा. डॉक्टरांनी सांगितलं, सगळे केस काढून टाका. काढताना काखेत थोडं लागलं. दोन टाके आहेत.”

त्यांनी बोटाने टाक्यांच्या कडेला चाचपून पाहिलं. मग म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बरोबरच असेल. तुझी फार धावपळ झाली असेल. पोर आजारी, त्यात हे.”

त्या वेळी मी रडले असते तर बरं झालं असतं. मी पाणी आणायला आत गेले.

टाके काढायच्या दिवशी मी म्हणाले, मी नेते. बाबा म्हणाले, “तू मुलीकडे बघ. मलाही जरा बाहेर पडायचंय.” काळा चष्मा लावून, पिल्लाला मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. तो एक-दीड तास मी घरात नुसती फिरत होते. डॉक्टर काय बोलतील ते मला इथे बसून ऐकू येत होतं. बाबा परत आले, चपला काढल्या, पिल्लाला खाली सोडलं.

“टाके काढले,” ते म्हणाले. “आठवड्यात भरून येईल. चहा टाकतेस?”

एवढंच. केसांबद्दल एक शब्द त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही, आणि मला तेच सोसवत नव्हतं. ते ओरडले असते, निदान नवऱ्याशी काही बोलले असते, तर मी कबूल केलं असतं. फरक पडला तो पिल्लात. माझ्या हातात पळी असो, झाडू असो की मुलीच्या केसांचा कंगवा, मी वळले की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

दिवाळीत नणंद आली. पिल्लाच्या अंगावर तोवर बोटभर केस आले होते. चकल्या तळताना ती म्हणाली, “बाबांचं काय गं चाललंय, एवढ्याशा केसांना अर्धा तास विंचरतात?” मग स्वतःच म्हणाली, “त्यांचं तसंच आहे. आईचं नाही का केलं.”

मी विचारलं, “काय केलं?”

“तुला कोणी सांगितलं नाही? आईचे हात संधिवाताने वाकडे झाले होते, कंगवा धरता यायचा नाही. केस कमरेपर्यंत. सगळे म्हणाले कापून टाका, अंथरुणावर त्यांचा गुंता होतो. मीसुद्धा म्हणाले. बाबा ऐकेनात. दोन वर्षं रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी तिची वेणी घालायचे, मग चहा. तिला नेलं तेव्हाही वेणी त्यांनीच घातलेली होती.”

माझ्या हातातला झारा कढईत तसाच राहिला, चकल्या करपल्या. मागच्या दारातून बाबा दिसत होते. स्टुलावर पिल्लू, हातात कंगवा. मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. आता सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. बाबांनी मान वर केली.

“काय गं?”

“चहा घेता का, बाबा?”

“घेईन की.”

ते केस पूर्ण वाढायला दीड वर्ष लागलं. बाबांनी पुन्हा ती लव सांभाळली, गुंते सोडवले, भांग पाडला. मुलगी तोवर चालायला लागली होती आणि त्यांच्या शेजारी बसून बाहुलीचे केस विंचरायची. मला ते कधी धरायला बोलवायचे नाहीत. मी एकदा आपणहून गेले. पिल्लू स्टुलावरून उतरून त्यांच्या पायांमागे गेलं. बाबा म्हणाले, “राहू दे, त्याला सवय नाही आता.” त्यात टोमणा नव्हता. जसं होतं तसं सांगितलं त्यांनी.

मग तीनेक वर्षांनी त्यांना धाप लागायला लागली. हृदय मोठं झालंय म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. अर्धा तास उभं राहणं जमेना, मग बसूनही जमेना. एका रविवारी सकाळी पाहते तर मागच्या जागेत बाबांचा नेहमीचा न्हावी आलेला, त्याच्या हातात केस कापायचं मशीन. बाबांनीच नवऱ्याकरवी बोलावलं होतं. मला त्यांचा विचार कळायला क्षणभर लागला.

“बाबा, कापताय कशाला? मी विंचरेन ना रोज.”

“नको,” ते म्हणाले. “तुला व्याप फार.”

न्हाव्याने मशीन फार हलक्या हाताने चालवलं. कुठेही लागलं नाही. बाबा पिल्लाचं डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते. केस फरशीवर पडत होते, लांब, स्वच्छ, एकही गाठ नसलेले. मी दारात उभी होते. पुन्हा एकदा म्हणू शकले असते, हट्ट धरू शकले असते. त्यांच्या ‘नको’मध्ये मला माझी शिक्षा दिसली आणि मी ती मुकाट्याने घेतली. आता वाटतं, शिक्षा वगैरे काही नव्हती. मीच सोयीने तसं समजले. मी पुढे यावं, असंच बहुधा त्यांना हवं होतं.

त्या हिवाळ्यात ते अंथरुणाला लागले. एका दुपारी मी त्यांना मोसंबीचा रस देत होते. पिल्लू पलंगाखाली होतं. मी एकदम बोलून टाकलं. “बाबा, तुम्ही पुण्याला गेला होतात तेव्हा डॉक्टरांनी केस कापायला सांगितलं नव्हतं. मी विंचरलंच नव्हतं. मीच कापले, आणि लागलं तेही माझ्याच हाताने.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला.

“कधीचं गं हे?”

“मोतीबिंदूच्या वेळचं.”

“मला नाही आठवत,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “किती जुनं काढत बसतेस. त्याला खायला दिलंस का?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं की मला सोडवण्यासाठी ते तसं म्हणाले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेवटच्या दिवसांत त्यांना काही गोष्टी आठवायच्या नाहीत, हे खरं. पण खाजणातल्या मोजण्यांचे गट नंबर ते त्याच आठवड्यात नवऱ्याला सांगत होते, हेही खरं. मी उशीर केला. पाच वर्षांपूर्वी, त्या दिवाळीत, मागच्या दारात उभी राहून सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला कळलं असतं. मग ते रागावले असते तरी चाललं असतं.

होळीच्या आधी ते गेले.

पिल्लू त्यानंतर साडेतीन वर्षं जगलं. मी त्याचे केस पुन्हा वाढवले नाहीत, पण फार कापूही दिले नाहीत. चार बोटं राखले. सुरुवातीला ते माझ्याजवळ यायचंच नाही. मी स्टूल काढून टाकलं आणि जमिनीवर बसायला लागले, कंगवा बाजूला ठेवून. नुसती बसायचे. पंधरा-वीस दिवसांनी ते येऊन कंगवा हुंगून गेलं. महिन्याने पाठीला हात लावू दिला. पंजे, पोट, कानांच्या मागे, सगळं हळूहळू करू दिलं त्याने. डावी काख मात्र शेवटपर्यंत नाही. तिथे हात गेला की ते पाय अंगाशी घट्ट धरायचं आणि दुसरीकडे बघायचं. मी हात काढून घ्यायचे.

त्या वर्षांत आमच्यासमोरचा रस्ता रुंद झाला. दिवसभर कंटेनरचे ट्रक आणि धूळ, कंगवा पाठीवरून फिरवला की दात काळे व्हायचे. मुलगी शाळेतून आली की विचारायची, “आई, मी विंचरू?” मी तिला शिकवलं. चिमटीत केस कसे धरायचे, टोकाकडून कसं सोडवायचं. हे आजोबांचं आहे, असंही सांगितलं. त्याच्या पुढचं सांगितलं नाही.

पिल्लू गेलं ते झोपेतच, पलंगाखाली. नवऱ्याने आणि मी त्याला कढीपत्त्याच्या झाडाजवळची फरशी उचकटून पुरलं. मुलगी आठवडाभर नीट जेवली नाही. पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या ओळखीतल्या एकांनी तसलंच पिल्लू देऊ केलं, ते तिला कळलं आणि तिने हट्ट धरला. मी नाही म्हणाले.

“का पण, आई?”

“घरात जागा कुठे आहे,” मी म्हणाले.

जागा होती. बाबांची खोली तेव्हा रिकामीच होती.